तपासणी नेमकी कुठली?

नमस्कार श्रोतेहो. ज्या पुरुषांचे पुरुषांशी शरीरसंबंध येतात, त्यांच्याशी आज मला संबंधांतून लागणाऱ्या आजारांच्या तपासणीबद्दल मोकळेपणानं बोलायचंय. तुम्ही गे असा, बायसेक्शुअल असा, नाहीतर स्वतःला कुठलंच नाव न देणारे असा. आजूबाजूला कुणी असेल तर आवाज थोडा कमी करा, पण रेडिओ बंद करू नका.

लघवी तपासली, रिपोर्टमध्ये काही निघालं नाही, सुटलो, असं अनेकांना वाटतं. पण गनोरिया आणि क्लॅमिडिया या दोन आजारांचे जंतू जिथे संबंध येतो तिथेच मुक्काम ठोकतात. मुखमैथुनात घशात, गुदमैथुन करून घेणाऱ्याच्या गुदाशयात. तिथली लागण लघवीत दिसत नाही. आणि या दोन जागी बहुतेकदा ना दुखत, ना पू येत. माणूस ठणठणीत असतो आणि नकळत दुसऱ्याला लागण देत राहतो. म्हणून लघवीसोबत घशाचा आणि गुदद्वाराचाही स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना हवा. गुदद्वाराचा तर आपला आपल्यालाही घेता येतो. काडी दोन-तीन सेंटिमीटर आत घालायची, हलकेच फिरवायची, झालं. जरा अवघडल्यासारखं होतं, इतकंच.

पण डॉक्टरांना हे सुचणार कसं? पुष्कळदा ते ‘लग्न झालंय का?’ एवढंच विचारतात. तेव्हा काय बोलायचं ते घरूनच ठरवून जा : ‘डॉक्टर, माझे पुरुषांशी संबंध येतात. घसा, गुदद्वार, लघवी, तिन्ही तपासा. रक्तात एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बघा.’ का, कधीपासून, घरी माहीत आहे का, याची उत्तरं तुम्ही देणं लागत नाही. त्यांनी तोंड वाकडं केलं, तर दुसरे डॉक्टर गाठा. चूक त्यांची आहे, तुमची नाही.

सिफिलिस तर फारच फसवा. लागण झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी एक जखम उठते. ती दुखत नाही, गुदद्वाराच्या आत असली तर दिसतही नाही. काही आठवड्यांत आपोआप भरून येते आणि माणूस विसरून जातो. आजार मात्र शरीरात तसाच असतो. पुढे तळहातांवर, तळपायांवर न खाजणारे चट्टे येतात. सुरुवातीलाच सापडला तर पेनिसिलिनच्या एका डोसात बरा होतो.

आता एचआयव्ही. औषधं नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरलेला नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ७८२ पुरुष जोडप्यांचा अभ्यास आला. प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही होता आणि तो अशी औषधं घेत होता, दुसऱ्याला नव्हता. कंडोमशिवाय ७६ हजारांहून अधिक वेळा संबंध, आणि जोडीदाराकडून लागण एकालाही नाही! हे ऐकूनही कुणी अशा माणसाला दूर लोटत असेल, तर मला मनापासून वाईट वाटतं.

कंडोम फाटला तर ७२ तासांच्या आत पेपची, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठी घ्यायची औषधं सुरू करा. जितकी लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस पूर्ण घ्या. आधीपासून घ्यायची प्रेपची गोळी एचआयव्हीपासून वाचवते, सिफिलिस-गनोरियापासून नाही. कंडोमसोबत तेल किंवा व्हॅसलिन नको, रबर कमजोर होतं. पाण्याचं किंवा सिलिकॉनचं जेल वापरा.

गनोरिया किंवा क्लॅमिडिया निघालाच, तर औषध पूर्ण घ्या आणि निदान सात दिवस संबंध टाळा. जोडीदारांना कळवा, बायको असेल तर तिचीही तपासणी आणि उपचार व्हायलाच हवेत. आणि तीन महिन्यांनी तिन्ही जागा पुन्हा तपासून घ्या, कारण बरं झाल्यावर परत लागण होणारे खूप असतात.