मागचं झाकण

(दृश्य: म्हापशाचा बाजार, शुक्रवार सकाळ. गर्दी, ओरडा. निवेदन दहा सेकंदांनी सुरू.)

शुक्रवारी म्हापशात केळ्यांचे घड मिळतात, चोरिसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा मिळतात, सुक्या मिरच्या, मातीची मडकी मिळतात. या सगळ्याच्या मधोमध एका निळ्या ताडपत्रीवर घड्याळं पसरलेली. सोनेरी, काळी, काही आरपार दिसणारी. भाव विचारला की दीड हजार, पाठ फिरवली की नऊशे, चार पावलं गेलं की सहाशे.

"चायना माल" म्हणून लोक पुढे जातात. आम्हीही दोन वर्षं तेच म्हणत होतो.

(दृश्य: गल्ली. दुकानाची अर्धी उघडी फळी. काकांचे हात, डोळ्याला लावलेलं भिंग.)

बाजारापासून पाच मिनिटांवरचं हे घड्याळ दुरुस्तीचं दुकान. एका माणसाने बसावं आणि दुसऱ्याने बाहेर उभं राहावं, एवढंच. चेहरा दाखवायचा नाही, नाव घ्यायचं नाही, या दोन अटींवर काकांनी कॅमेरा आत घेऊ दिला. त्यामुळे तुम्हाला त्यांचे हातच दिसतील. आमचं त्यात काही नुकसान झालं नाही.

इथे घड्याळाच्या आतल्या यंत्राला 'मशीन' म्हणतात. 'मूव्हमेंट' हा शब्द गिऱ्हाईक मोबाइलवरून शिकून येतं.

(दृश्य: कॉलेजचा मुलगा. काचेवर घड्याळ ठेवतो.)

हा डिचोलीहून आलेला. पाण्यात बुडी मारणाऱ्यांच्या घड्याळासारखं जाडजूड घड्याळ, नाव चिनी, किंमत सात हजार. "काका, आत जपानी मशीन आहे म्हणतात. खरं?"

काका घड्याळ उघडत नाहीत. आधी कानाशी नेतात आणि मनगट हळूच फिरवतात.

(आवाज: रोटर. निवेदन पाच सेकंद थांबतं.)

ऑटोमॅटिक घड्याळात अर्धगोल वजन फिरतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की तो फिरतो आणि स्प्रिंग भरते. सेइकोचं एनएच 35 हे मशीन दोन्ही दिशांनी भरतं, म्हणून रोटर मोकाट सुटत नाही. मियोटा या दुसऱ्या जपानी कंपनीचं 8215 आणि त्याच्यावरून ग्वांगझौमध्ये बनलेलं डीजी 2813 एकाच दिशेने भरतात. उलट्या दिशेला रोटर भिंगरीसारखा गरगरतो, आणि ती घरघर मनगटावरही जाणवते.

मुलाच्या घड्याळात घरघर नाही. काका चावी बाहेर ओढतात, सेकंद काटा जागच्या जागी थांबतो. चावी आत ढकलून दोन फेरे देतात, हातानेही भरतंय. मग सेकंद काट्याकडे बघत बसतात, चांगलं मिनिटभर. 8215 च्या घराण्यातल्या मशीनला सेकंद काट्याची थेट जोडणी नसते. तो मधूनच अडखळतो, मग उडी मारून पुढे जातो. हा अडखळत नाही.

"पळय," काका कोंकणीत 'बघ' म्हणतात, आणि आता झाकण उघडतात.

(दृश्य: क्लोज-अप. झाकण फिरतं. रोटरखाली सोन्यासारखं चाक श्वास घेतल्यासारखं हलतंय.)

एनएच 35. 24 ज्वेल. हे ज्वेल म्हणजे कृत्रिम माणिक. चाकांच्या टोकांना जिथे घर्षण होतं तिथे ते बसवतात, कारण पोलादावर पोलाद घासलं तर झिजतं. जास्त ज्वेल म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. बाजारातल्या ताडपत्रीवर आम्हाला 35 ज्वेल लिहिलेलं घड्याळही भेटलं. ते पुढे येईलच.

(दृश्य: यंत्राचा पडदा. निळसर उजेड.)

घड्याळाची नाडी बघणारं हे यंत्र, टाइमग्राफर. गंमत बघा, चिनी घड्याळाला पास-नापास करणारा हा परीक्षकही चिनीच आहे. घड्याळ मायक्रोफोनवर ठेवायचं. मशीन तासाला 21,600 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला सहा. यंत्र ते ऐकतं आणि पडद्यावर ठिपक्यांच्या दोन ओळी काढतं. ओळी सरळ गेल्या तर वेळ बरोबर. वर चढत गेल्या तर घड्याळ पुढे धावतंय, खाली उतरल्या तर मागे पडतंय. दोन ओळींतलं अंतर वाढलं तर ठोका लंगडा, म्हणजे 'टिक' आणि 'टॉक' सारखे नाहीत.

आणि एक आकडा अंशांत असतो. तोलाचं चाक, म्हणजे मघाशी श्वास घेतल्यासारखं हलणारं ते चाक, मधून एका बाजूला किती अंश झोका घेतं, तो हा आकडा. चावी पूर्ण भरून, तबकडी वर ठेवून 250 ते 300 च्या आसपास असलं तर काका मान हलवतात. 220 च्या खाली गेलं की तेल सुकलं, कचरा अडकला, नाहीतर मशीन मुळातच ओबडधोबड.

मुलाचं घड्याळ: दिवसाला 12 सेकंद पुढे, झोका 264. मुलगा नाराज. जाहिरातीत त्याने वेगळं काही वाचलं होतं. पण या मशीनसाठी खुद्द कंपनी जे वचन देते ते दिवसाला उणे 20 ते अधिक 40 सेकंद. त्या हिशोबाने पोरगं पहिल्या वर्गात पास झालं.

(दृश्य: ताडपत्रीवरचं आरपार घड्याळ. आम्ही सहाशेला घेतलेलं.)

आता हे. तबकडीला सहाच्या जागी भोक आणि त्यातून हलणारं चाक. विक्रेता म्हणाला, टूरबियॉन. खऱ्या टूरबियॉनमध्ये ते चाक ज्या पिंजऱ्यात असतं तो पिंजराच गोल फिरत असतो. चीनमध्ये तसली खरी घड्याळंही बनतात. पण सहाशेत भोक मिळतं, पिंजरा नाही.

झोका 170. दोन ओळी पडद्याच्या दोन टोकांना. काका भिंग लावतात आणि चिमटा आत घालतात.

(दृश्य: चिमट्याच्या टोकाला कापसाचा तंतू. निवेदन नाही, आठ सेकंद.)

कारखान्यातूनच आलेला. तो निघाला आणि झोका 203 वर गेला. स्क्रूंची डोकी खरवडलेली, पट्ट्यांवरची नक्षी कोरलेली नाही, छापलेली. 35 ज्वेलपैकी काकांना 17 सापडले.

(दृश्य: काका खालचा खण उघडतात. कागदात गुंडाळलेलं घड्याळ.)

आणि मग काकांनी हे काढलं. एका तारवट्याने, म्हणजे बोटीवरच्या खलाशाने, दुरुस्तीला दिलेलं, सी-गल या चिनी कंपनीचं क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. बोटीवरून उतरल्यावर कुठल्याशा बंदरात पंधरा-वीस हजारांना घेतलेलं. आम्ही तीन दिवस शूटिंग केलं, त्यातला एक अख्खा दिवस फक्त या मशीनचा आहे.

(दृश्य: मागची काच. बटण दाबलं की चाकं एकमेकांत शिरतात. संथ गती.)

बटण दाबा. ते छोटं बुरुजासारखं चाक एक घर फिरतं, त्याला कॉलम व्हील म्हणतात. त्याच्या खांबांवरून एक दांडी खाली घसरते, एक दातेरी चाक शेजारच्या चाकात सरकतं, आणि सेकंद मोजायला सुरुवात. पुन्हा दाबा, चाक मागे. स्वस्त क्रोनोग्राफांत या बुरुजाऐवजी पत्र्यातून कापलेला कॅम असतो. काम तोही करतो, पण बटणाला अशी लोण्यासारखी चाल क्वचितच मिळते.

हे मशीन चीनने शोधलेलं नाही. मूळ स्वित्झर्लंडचं, व्हीनस 175. व्हीनस कंपनीला पैसे हवे होते, चीनच्या हवाई दलाला वैमानिकांसाठी घड्याळ हवं होतं. 1961 मध्ये तियानजिनच्या कारखान्याने, म्हणजे आजच्या सी-गलने, मशीनचे हक्क आणि ते बनवण्याची अवजारं विकत घेतली, 1963 मध्ये पहिले नमुने तयार झाले. नक्कल म्हणायचं तर म्हणा. पण सामान पैसे मोजून घेतलेलं आहे, आणि व्हीनसने केव्हाच गुंडाळलेलं हे मशीन आजही बनतंय.

त्या कारखान्याची सुरुवात बघा. 1955 मध्ये तियानजिनमध्ये चार कारागिरांनी एका खोलीत हाताने एक घड्याळ जुळवलं. नाव ठेवलं वूशिंग, पाच तारे. चीनमध्ये बनलेलं पहिलं मनगटी घड्याळ ते. 1970 च्या आसपास सरकारने आणखी एक गोष्ट केली. देशातल्या कारखान्यांनी एकाच आराखड्याचं मशीन बनवायचं ठरवलं, तोंगजी. एका गावचं चाक दुसऱ्या गावच्या घड्याळात बसेल असं. आजची पुष्कळशी स्वस्त आरपार घड्याळं त्याच तोंगजीची नातवंडं आहेत. नातवंडं बिघडली, त्यात आजोबांचा काय दोष?

1961 हे साल आपल्याकडेही लक्षात राहणारं. गोवा मुक्त झाला तेच वर्ष, आणि बंगळूरला सिटिझनच्या मदतीने एचएमटीचा घड्याळ कारखाना उभा राहिला तेही तेच. त्याआधी इथे पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या दुकानांतून स्विस घड्याळं मिळत. काकांच्या वडिलांनी त्यांच्यावरच हात बसवला.

(दृश्य: टेबलावर तीन घड्याळं. एचएमटी जनता, डिचोलीच्या मुलाचं, तारवट्याचं.)

एचएमटी जनता. 17 ज्वेल, रोज सकाळी चावी द्यायची. तेही मशीन मुळात जपानकडून शिकलेलं. त्याला आपण 'चायना माल' म्हणालो नाही, 'देश की धड़कन' म्हणालो. तियानजिनच्या कारागिरांनी वेगळं काय केलं होतं, हे विचारायला आम्ही काकांकडे बघितलं. काका जनतेला चावी देत होते.

सुटे भाग मिळत नाहीत, डीजी 2813 हजाराच्या आसपास अख्खं नवं येतं, म्हणून जुनं काढून नवं बसवणं एवढंच काकांचं निम्मं काम उरलंय, आणि दुकानात शिकायला कोणी येत नाही.

(दृश्य: गंज चढलेली तबकडी. पावसाळ्यातलं एकच घड्याळ.)

आपल्या हवेत मागच्या झाकणाचं रबर दोन वर्षांनी बदला.

(दृश्य: होकायंत्र. त्याच्याजवळ एक घड्याळ येतं, सुई थरथरते.)

हे शेवटचं गिऱ्हाईक. घड्याळ रोज पाच मिनिटं पुढे पळतंय. गाडीत मोबाइल धरायचं चुंबकाचं स्टँड, त्यावर रात्रभर ठेवलेलं. केसासारख्या बारीक कमानीची वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटतात, कमान आखूड होते, ठोके वाढतात. चुंबकत्व काढणाऱ्या निळ्या डबीवर ठेवायचं, बटण दाबायचं, घड्याळ हळूहळू दूर न्यायचं.

(दृश्य: होकायंत्र पुन्हा. सुई स्थिर.)

दहा सेकंद. काकांनी पैसे घेतले नाहीत.

(दृश्य: संध्याकाळ. काका तारवट्याच्या क्रोनोग्राफचं झाकण बसवतात. चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहितात: तबकडी वर, अधिक 6. चावी खाली, अधिक 14. खिळ्याला अडकवतात. फळी बंद होते. निवेदन नाही. टिकटिक, सेकंदाला सहा, काळ्या पडद्यावर वीस सेकंद.)