एक मीटर रुळावरची बांबूगाडी

[दृश्य: पूर्णा जंक्शन, सकाळची वेळ. रूळ जवळून.]

मनमाडहून जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादला जाणारी लाईन निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास टाकली गेली, ती मीटर गेजची. दोन रुळांत अंतर एक मीटर. १९९० च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं. पूर्णा-अकोला मार्गावर छोटी गाडी त्यानंतरही काही वर्षं धावत होती, आणि तिच्या खिडकीत बसलेली माणसं हिंगोलीकडे आजही भेटतात.

कंबोडियातले रूळही याच मापाचे, फ्रेंच अमदानीत टाकलेले. त्यांच्यावर बाटामबांग शहराजवळ बांबूची गाडी धावायची. तिथले लोक तिला नोरी म्हणतात.

[दृश्य: नोरीचे सुटे भाग रुळाशेजारी.]

ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाची कंबोडियातली राजवट १९७९ मध्ये कोसळली, तेव्हा रेल्वे जवळपास मोडीत निघाली होती. रूळ मात्र जागेवर होते. गावकऱ्यांनी त्यांच्यावर पाट्या ठेवल्या आणि काठीने जमिनीला रेटा देत त्या ढकलायला सुरुवात केली. इंजिन नंतर आलं.

गाडीचे भाग मोजकेच. दोन आख, प्रत्येकाला दोन लोखंडी चाकं. त्यांच्यावर साधारण तीन मीटर लांबीची, बांबूच्या पट्ट्या बसवलेली पाटी. मागे पाच-सहा हॉर्सपॉवरचं छोटं पेट्रोल इंजिन. इंजिनपासून मागच्या आखापर्यंत रबरी पट्टा, पिठाच्या गिरणीत असतो तसा. पट्टा ताणला की चाक फिरतं, ढिला सोडला की इंजिन नुसतंच चालत राहतं. गिअर नाही. पाटी आखांवर आपल्या वजनानेच बसलेली असते, आणि या गाडीची सगळी करामत त्यातच आहे.

कारण लाईन एकेरी. समोरून दुसरी नोरी आली तर? ज्या गाडीवर माल किंवा माणसं कमी, तिने बाजूला व्हायचं. प्रवासी उतरतात. पट्टा काढला जातो. दोघं जण पाटी उचलून कडेला ठेवतात, मग एकेक आख. समोरची गाडी निघून गेली की उलट क्रमाने जोडणी. सरावलेल्या हातांना मिनिटभर पुरतं. आपल्या रेल्वेतही रुळांची तपासणी करणारी माणसं ढकलट्रॉली नेतात, तीसुद्धा गाडी यायच्या आत उचलून बाजूला घ्यावी लागते. तत्त्व तेच.

[दृश्य: रुळाचा सांधा, चाक त्यावरून जाताना.]

आता बिघाड कुठे होतो ते पाहू. जुन्या रुळांचे सांधे रुंदावलेले असतात, लहान चाक त्या फटीत आपटतं आणि हिसका थेट पाठीच्या कण्यात जातो. म्हणून घडी केलेली सतरंजी किंवा जाड चादर बुडाखाली हवीच. वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो, पण लोखंडावर लोखंड लवकर थांबत नाही. रूळ ओले असले तर आणखी उशिरा. जोर फक्त मागच्या आखाला मिळतो. सगळे पुढच्या टोकाला सरकले, तर मागचा भार हलका होतो आणि चाकं जागच्या जागी फिरतात. मधोमध, जरा मागे बसावं. ओढणी, उपरणं पट्ट्यापासून दूर. संध्याकाळी किडे तोंडावर आदळतात, तेव्हा दस्ती बांधून घ्यावी.

लाईन दुरुस्त झाली, २०१८ मध्ये खऱ्या गाड्या पुन्हा धावू लागल्या आणि नोरीला तिथून हटावं लागलं. आता बनान टेकडीपाशी पर्यटकांसाठी वेगळा रूळ आहे. बसायला जरूर जावं. पाटी आणि आख सुटे होताना दिसले, तर तेही पाहावं.

[दृश्य: मदेइरा, उताराचा रस्ता.]

असंच एक साधं वाहन पोर्तुगालच्या मदेइरा बेटावर आहे: मोंते गावाहून वेताची घसरगाडी उतारावरून सोडतात. खाली लाकडी धावपट्ट्या, मागे दोन माणसं, हातात दोर. ब्रेक म्हणजे त्यांच्या बुटांचे रबरी तळवे. अंतर सुमारे दोन किलोमीटर. वळणावर प्रवाशाने बाहेर झुकलं की गाडी भरकटते.

[दृश्य: अजिंठा, पायऱ्या चढणारी डोली.]

आपल्याकडे अजिंठ्याला डोली आहे. फर्दापूर फाट्यावर गाडी लावायची, तिथून बसने चार किलोमीटर, आणि मग पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना डोली हाच खरा आधार. खुर्ची, दोन लांब दांडे, चार भोई. भाडं आधीच ठरवा: एकेरी की दुहेरी, थांबायचं किती, शेवटच्या लेण्यापर्यंत नेणार का. सोमवारी लेणी बंद असतात.

पाठ टेकवून बसा. फोटोसाठी एका बाजूला वाकलात, तर तिकडच्या दोन खांद्यांवर भार पडतो आणि पायरीवर पाय चुकतो. उतरताना चौघांनी डोली जमिनीला टेकवेपर्यंत पाय खाली सोडू नका.