मारामारीच्या आधीची दोन मिनिटं

नमस्कार मंडळी. कुंगफूचा पिक्चर म्हटलं की आपल्याकडे लोकांना काय आठवतं, तर हा-हू करत ठोसे मारणारी माणसं आणि पांढऱ्या दाढीचे मास्तर, आणि यात कला आहे, चिनी संस्कृती आहे म्हटलं की लगेच हसतात, मारामारीत कसली आलीय कला आणि संस्कृती म्हणे. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून आज त्यावरच बोलतोय.

किंग हू नावाचा डायरेक्टर होता. जन्म बीजिंगचा, 1932 चा, 1949 मध्ये हाँगकाँगला आला तो तिकडचाच झाला. 1966 मध्ये त्याचा 'कम ड्रिंक विथ मी' आला. त्यात चेंग पेइ-पेइ ही नटी पुरुषी वेषात वाटेवरच्या एका खानावळीत येऊन बसते, आजूबाजूला गुंड जमायला लागतात, आणि बराच वेळ कुणी तलवारच काढत नाही. नुसतं बघणं चाललंय, कोण उठलं, कोण दाराशी गेलं, आणि मधेच ताशा-झांजेसारखा खणखणीत ठोका. हा ठोका आलाय बीजिंग ऑपेरातून, म्हणजे गाणं, नाच आणि कसरतींच्या जुन्या चिनी नाटकातून. तिथे सगळ्या वादकांना चालवतो तो छोट्या ढोलाचा वादक, नट त्याच्या ठोक्यावर फिरतो, उडी मारतो आणि एकदम थिजल्यासारखा उभा राहतो, की लोकांनी त्याला डोळे भरून बघावं. आपल्याकडे ढोलकीच्या तोड्यावर नाचणारी थांबते ना, तसंच. किंग हूचा फाइट मास्टर हान यिंगजिए ऑपेरातच तयार झालेला, आणि चेंग पेइ-पेइ बॅले शिकलेली, म्हणजे तलवार तिच्या हातात आहे पण बघायचे ते पाय.

ऑपेरातला एक जुना प्रसंग सांगतो. रात्री एका धर्मशाळेच्या खोलीत दोन माणसं अंधारात भांडतायत, रंगमंचावर मात्र लख्ख उजेड आणि एक टेबल, बस. एकमेकांच्या नाकासमोरून तलवार जाते आणि दोघांना 'दिसत नाही', आपल्याला सगळं दिसतंय. हे बघितलं की कळतं, या सिनेमात मारामारी खरी वाटावी असा हट्टच नाहीये, आणि कुणी तक्रार करतं की माणूस असा उडतो का, तर अहो तो उडायलाच पाहिजे!

आता चिनी संस्कृतीचं काय. याच 1966 मध्ये चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली, जुने ऑपेरे बंद, राजे आणि पंडितांच्या गोष्टी बंद, त्यांच्या जागी सरकारी नमुन्याची नाटकं. म्हणजे ज्या वर्षी घरी दार लागलं त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये एक बीजिंगचा माणूस तोच ताल कॅमेऱ्यात धरत होता. पुढे तैवानमध्ये त्याने 'अ टच ऑफ झेन' केला, जवळपास तासभर धड मारामारीच नाही, एक गरीब चित्रकार, परीक्षा दे आणि लग्न कर म्हणून मागे लागलेली आई आणि शेजारचा पडका वाडा. 1975 मध्ये कान्सला त्याला टेक्निकल बक्षीस मिळालं. म्हणून मी म्हणतो की यात चीन आहे, पण तो आजच्या रस्त्यावरचा चीन नाही, घर सोडून आलेल्या लोकांनी मनात जपलेला चीन आहे, आणि तोही संस्कृतीच आहे की.

दुसरी गोष्ट गुरु-शिष्याची. लाउ कार-लेउंग हा दुसरा कुंगफू डायरेक्टर, त्याचे वडील लाम साई-विंगचे शिष्य, आणि लाम साई-विंग खुद्द वाँग फेई-हुंग या नावाजलेल्या कुंगफू गुरूंचे. त्याच लाउचा 1978 चा 'द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' बघा, नवा पोरगा मठात येतो तर ठोसा वगैरे राहिला बाजूला, जेवणाच्या खोलीपर्यंत जायला पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांवरून जायचं, पडला की ओला आणि उपाशी. पिक्चरचा केवढा मोठा भाग नुसतं शिकण्यात जातो! शिकण्याला एवढा वेळ देणारा अ‍ॅक्शन सिनेमा दुसरीकडे मला तरी दिसत नाही.

घाईघाईत उरकलेले टुकार पिक्चरही ढिगाने निघाले, ते मी नाकारत नाही, पण म्हणून चांगल्यांना त्याच गोणीत कशाला भरायचं?

तर बघायचं असेल तर डब केलेलं बघू नका, सबटायटल लावून मूळ भाषेतच बघा, कारण डबिंगमध्ये बरेचदा नवीन आवाज चढवताना ते ठोके दबून जातात आणि मग हातात उरते ती नुसती मारामारी.