फिरत्या ढालीवरची नावं

(ठाण्यातल्या जुन्या शाळकरी खेळाडूंवरील लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : शाळेच्या कार्यालयातलं लोखंडी कपाट. शिपाई वरच्या कप्प्यातून ढाल काढतो, फडक्याने धूळ झटकतो.]

ही फिरती ढाल. शिसवी रंगाचं लाकूड, मधोमध पितळी पत्र्यावर धावणारा माणूस, आणि कडेने बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्या. एकेका पट्टीवर एक साल आणि एक नाव. वर लिहिलंय, ‘वैयक्तिक विजेतेपद – मुले’. पट्ट्या काळ्या पडल्यात, पण पितांबरी लावून घासल्या की अक्षरं वर येतात.

फिरती ढाल फार काही फिरायची नाही म्हणा. बक्षीस समारंभात पाहुण्यांच्या हस्ते मिळायची, फोटो निघायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कपाटात. विजेत्याच्या घरी जायचं ते प्रमाणपत्र, आणि फार तर एक स्टीलचा पेला.

ह्या ढालीवर सत्तरच्या दशकात सलग तीन वर्षं एकच नाव आहे. तेच नाव त्याच काळातल्या खो-खोच्या संघाच्या फोटोखाली आहे, कबड्डीच्या फोटोखाली आहे आणि ४ × १०० मीटर रिलेच्या प्रमाणपत्रावरही आहे. चारही ठिकाणी मुलगा एकच. ठाण्याच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शाळेत अशी दोन-चार मुलं आणि दोन-चार मुली होऊन गेल्या. हा माहितीपट त्यांच्याबद्दल आहे, आणि त्यांचा सत्कारही ठरलाय.

[दृश्य : फक्कीने आखलेलं मैदान. सकाळ.]

वैयक्तिक विजेतेपदाचं गणित सोपं होतं. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एक. सकाळी शंभर मीटर, मग लांब उडी, मग गोळाफेक. दुपारी डबा खाऊन खो-खोचा अंतिम सामना, आणि उन्हं उतरल्यावर कबड्डी. ढाल कोणाला जाणार हे शेवटच्या शर्यतीपर्यंत ठरत नसे. कागद-पेन्सिल घेऊन गुण मांडणारे एक मराठीचे सर बाकावर बसलेले असत, आणि त्यांच्याभोवती गर्दी असे ती हिशोब चुकतोय का ते बघणाऱ्यांची.

‘अष्टपैलू’ म्हणून आज आपण त्यांचं कौतुक करतो. त्यांना विचारलं तर ते हसतात. शाळेत खेळणारी मुलं होतीच मुळी पंधरा-वीस. पी.टी.चे सर एक, शिट्टी एक, हवा भरायचा पंप एक. कबड्डीचा संघ म्हणजे खो-खोचेच सात जण आणि रिलेचा संघ म्हणजे त्यातलेच चार वेगवान. दुसरं कोणी नव्हतं म्हणून तीच मुलं सगळं खेळली. पण गरजेपोटी खेळले म्हणून त्यांचा खेळ कमी प्रतीचा होता असं नाही. उलट एका खेळातली अक्कल दुसऱ्या खेळात वापरायची सवय त्यांना लागली, आणि ते बघण्यासारखं होतं.

[दृश्य : खो-खोचा सराव. आठ मुली पाटीवर बसलेल्या, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडं करून.]

खो-खो बघा. आठ जण बसलेले, नववा पाठलाग करतोय. त्याने एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही. दोन खांबांमधली मधली पाटी ओलांडता येत नाही, पलीकडे जायचं तर खांबाला वळसा घालायचा किंवा बसलेल्याला मागून खो द्यायचा. संरक्षण करणाऱ्यांना मात्र बसलेल्यांच्या मधून कुठूनही शिरायची मुभा. तिघा-तिघांची तुकडी येते. डाव नऊ मिनिटांचा. त्या नऊ मिनिटांत एकेरी साखळी घालत, म्हणजे बसलेल्या एकेकाला नागमोडी वळसा घालत, पळणारा मुलगा खरं तर समोरच्याच्या खांद्याकडे बघत असतो, कारण पाय खोटं बोलतात, पण खांदा आधी वळतो.

आता हाच मुलगा संध्याकाळी कबड्डीच्या चढाईला जातो. समोर सात जण, डोळ्यांपुढे निदान रेषा, म्हणजे चढाईत निदान ओलांडावी लागणारी रेषा. कोपरारक्षक घोट्यावर झेप घेणार हे त्याला झेप घेण्याआधी कळतं. कुठून कळतं? खो-खोतून. आणि पकड करायची वेळ आली की खांबावर सूर मारताना जमिनीलगत अंग झोकून द्यायची सवय कामी येते. पाटीवर उकिडवं बसलेला गडी पाठीवर थाप पडताच ताडकन उठतो, ते म्हणजे शंभर मीटरची सुरुवातच. शर्यतीत उतरलेल्या खो-खोच्या पोरांना पहिल्या दहा पावलांत गाठणं अवघड जायचं, ते उगीच नाही.

मल्लखांब करणारा असेल तर विचारूच नका. त्याची पकड सुटायची नाही.

[दृश्य : वाळूचा खड्डा. दोन बांबू, मध्ये आडवी काठी.]

उंच उडीची एक गंमत. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरीने पाठीवरून उडी मारून सुवर्णपदक घेतलं आणि जगाची उंच उडी बदलली. ठाण्यात ती बदलायला बराच वेळ लागला, कारण पाठीवर पडायला फोमची गादी लागते. आमच्याकडे वाळू होती, तीही पावसानंतर दगड झालेली. मग मुलं कात्री मारायची. एक पाय आधी, दुसरा मागून, आणि उतरायचं पायांवरच. जुन्या रजिस्टरातली उंची आजच्या मुलांना कमी वाटते. वाटू द्या. अनवाणी, कात्री मारून आणि खाली कडक वाळू असताना ती मारून दाखवावी.

गुडघे सोलवटले की लाल औषध. मध्यंतराला संत्र्याची फोड. जिंकलात तर वडापाव, हरलात तरी वडापाव, पण मग सर बोलायचे नाहीत.

[दृश्य : जुन्या ठाणे जिल्ह्याचा नकाशा.]

‘जिल्ह्यात पहिला’ असं एखाद्या प्रमाणपत्रावर असेल तर तो जिल्हा कोणता हे आधी बघा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला. त्याआधीचा ठाणे जिल्हा म्हणजे इकडे ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी, तिकडे शहापूर, मुरबाड, आणि वर वसई, पालघर, डहाणू, तलासरी, वाडा, जव्हार, मोखाडा. समुद्र, डोंगर, गिरण्या, आदिवासी पाडे, सगळं एका जिल्ह्यात. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहू लागली, तिचा मोठा भागही ह्याच जिल्ह्यात. जिल्हा स्पर्धा डहाणूला असेल तर ठाण्याहून दादर, दादरहून विरार आणि पुढे शटल. जव्हारला असेल तर एस.टी. शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपायचं, सकाळी थंड पाण्याने तोंड धुऊन मैदानावर. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात दोन खेळांत पहिलं येणं म्हणजे काय, हे आजच्या नकाशावरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तेव्हा शाळा अकरावीपर्यंत होती. अकरावी मॅट्रिक. दहावीची पहिली बोर्डाची परीक्षा झाली १९७५ साली, आणि अकरावी उचलून ज्युनिअर कॉलेजात गेली. शाळांच्या संघांतली सगळ्यात दणकट मुलं त्या एका निर्णयाने निघून गेली. त्याआधीच्या आणि नंतरच्या पट्ट्यांची तुलना करताना हे विसरून चालणार नाही. आमच्या मते दोन्हींना वेगळं मोजावं. ह्यावर माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत चांगलंच वाजलं, पण आम्ही ऐकलं नाही.

[दृश्य : आझाद मैदान, दुरून. क्रिकेट चालू.]

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस ढालीच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन मुलांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन तेंडुलकर ३२६, विनोद कांबळी ३४९. शालेय सामना होता, तरी आकडा आज महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आणि पाठ असावाच.

पण त्याच मोसमात ठाणे जिल्ह्याची शालेय खो-खो स्पर्धा कोणी जिंकली, शेवटच्या डावात किती गडी बाद झाले, कोण किती मिनिटं पळालं? क्रिकेटला स्कोअरर होता आणि वर्तमानपत्र होतं. खो-खोची गुणपत्रिका सामन्यानंतर टेबलावरून उडाली ती उडालीच. एका शाळेने तर इमारत पाडताना जुन्या ढाली भंगारात दिल्या. पितळ म्हणून भाव बरा आला असेल.

[दृश्य : मुलींच्या संघाचा कृष्णधवल फोटो. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर.]

मुलींचं शोधकाम सगळ्यात अवघड निघालं.

ह्या फोटोतल्या मागच्या रांगेतली डावीकडून तिसरी. खो-खोची कर्णधार, लांब उडीत जिल्ह्यात दुसरी, रिलेचा शेवटचा टप्पा तिचा. रजिस्टरात तिचं नाव माहेरचं. लग्नानंतर आडनाव बदललं, कित्येकींचं तर नावही बदललं. फेसबुकवर शोधून सापडत नाहीत, मतदार यादीत सापडत नाहीत. मग एकच मार्ग उरतो. नौपाड्यात, चेंदणीत, कोपरीत, खारकर आळीत जायचं आणि वयस्कर बायकांना फोटो दाखवून विचारायचं, “काकू, ही कोण?” आणि काकू चष्मा वर करून म्हणतात, “अगंबाई, ही तर आमच्या वाडीतली. आता डोंबिवलीला असते. थांब, नंबर देते.”

खो-खोची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९६०-६१मध्ये कोल्हापूरला सुरू झाली, म्हणजे दार उघडं होतं. पण शाळा सुटली की मैदान सुटलं, हे बहुतेकींच्या बाबतीत खरं. ती डोंबिवलीची आजी कॅमेऱ्यासमोर सांगते, की सासरी तिच्या धावण्याबद्दल कोणाला ठाऊक नव्हतं. नातीच्या शाळेत पालकांची शर्यत लागली, तिने साडी खोचली आणि सुनांना मागे टाकलं. “तेव्हा कळलं त्यांना,” ती म्हणते, आणि पुढे काहीतरी म्हणते ते आम्ही संकलनात कापलंय, सुनेच्या विनंतीवरून.

सन्मानचिन्हावर तिचं नाव माहेरचं लिहायचं की सासरचं, हे आम्ही ठरवलं नाही. ज्या त्या बाईला विचारलं. बहुतेकींनी दोन्ही सांगितली.

[दृश्य : वागळे इस्टेट, सकाळची पाळी.]

मुलांना निदान नोकरीचा रस्ता होता. कबड्डीच्या व्यावसायिक गटात महिंद्र, एअर इंडिया, देना बँक, मध्य रेल्वे असे संघ उतरत. चांगला चढाईपटू दिसला की साहेब मैदानावरच चौकशी करायचे. मात्र नोकरी मिळायची एका खेळावर. तिथे चार खेळांपैकी तीन सुटले. अर्जुन पुरस्कार १९६१पासून आहे, राज्याचा शिवछत्रपती पुरस्कारही जुना, पण तिथेही माणूस एका खेळातून मोजला जातो. सगळंच बऱ्यापैकी खेळणाऱ्याला बसायला खुर्चीच नाही.

खरं तर खाशाबा जाधवही अशाच शाळेतून घडले. १९५२ साली हेलसिंकीला स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारा हा पैलवान, कराडच्या टिळक हायस्कूलचा. धावण्यात आणि पोहण्यातही तो तरबेज होता. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात आता क्रीडा दिन म्हणून पाळतात.

अमेरिकेतल्या हायस्कुलांत मोसम वाटून दिलेले असतात. शरदात फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल किंवा धावणं. त्यामुळे एक मुलगा तीन खेळ खेळू शकतो, आणि अशांचे फोटो तिथल्या शाळा वर्षानुवर्षं भिंतीवर लावून ठेवतात. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली पालकांना सांगितलं, की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळाला जुंपू नका, दुखापती वाढतात. आमच्या पी.टी.च्या सरांनी हे वाचलं नव्हतं. त्यांच्याकडे मुलंच कमी होती.

[दृश्य : घोडबंदर रोडवरचं दिव्यांखालचं टर्फ. नंतर गावदेवी मैदान.]

आज सातव्या वर्षी अकादमी ठरते. महिन्याची फी, कपडे, बूट आणि एक खेळ. गावदेवी मैदानाखाली आता वाहनतळ आहे. पूर्वीचं सगळं चांगलं होतं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. घोटा मुरगळला तर हळद लावून परत मैदानात ढकलायचे, आणि त्या मुरगळण्याने कायमचे लंगडणारे दोघे ह्याच माहितीपटात आहेत. आत्ताच्या मुलाला निदान फिजिओ भेटतो.

[दृश्य : शाळेचं पटांगण. खुर्च्या मांडणं चालू.]

सत्कार मैदानावर आहे, सभागृहात नाही. सकाळी आठ वाजता, ऊन चढायच्या आत. भाषणं दोन. शाल-श्रीफळ आहेच, त्याशिवाय चालत नाही. पण प्रत्येकाला एक छापील पान मिळेल आणि त्यावर रजिस्टरात सापडलेली त्याची प्रत्येक नोंद असेल: कोणतं साल, कोणता प्रकार, कितवा क्रमांक, सोबत संघात कोण.

आणखी नावं यायची आहेत. नाव कळवण्याच्या अर्जावर ‘खेळ’ ह्या शब्दापुढे पाच ओळी मोकळ्या सोडल्यात, तेव्हा एकच लिहून थांबू नका. प्रमाणपत्रं आणायची ती झेरॉक्स, मूळ घरीच ठेवा. आणि कृपा करून त्यांना लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात खराब होतो. फोटो असेल तर मागच्या बाजूचाही फोटो काढून पाठवा. बऱ्याचदा नावं तिथेच, पेन्सिलीने लिहिलेली असतात.