मुतखड्यातले जिवाणू

नमस्कार श्रोतेहो. मुतखड्याची कळ ज्याने सोसली, त्याला हा खडा पोटात आला कुठून, हा प्रश्न पडतोच. १९९८ साली फिनलंडच्या कुओपिओ विद्यापीठातून एक उत्तर आलं: जिवाणूंमुळे. ओलावी कायांडेर आणि नेवा चिफ्तचिओलू यांनी तपासलेल्या ३० च्या ३० मुतखड्यांत इवलेसे गोल कण निघाले. प्रयोगशाळेत ते वाढत, स्वतःभोवती कॅल्शियम फॉस्फेटचं कवच बांधत. त्यांना नाव मिळालं नॅनोबॅक्टेरिया.

पहिली शंका आकाराची होती. यातले काही कण अवघे ५० नॅनोमीटरचे, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या पन्नासपट. पण प्रथिनं बनवणारा एकेक रायबोसोमच वीसेक नॅनोमीटरचा असतो. मग डीएनए कुठे मावणार? अमेरिकेच्या विज्ञान अकादमीत जमलेल्या तज्ज्ञांनी जीवपेशीची किमान मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास ठरवली.

२००० साली जॉन सिसार यांच्या गटाने दाखवलं, की नॅनोबॅक्टेरियाचा म्हणून सांगितलेला डीएनए एका ओळखीच्या जिवाणूचा आहे, आणि तो चाचण्यांत भेसळ म्हणून घुसल्याची नोंद आधीच झालेली होती. मग कण वाढतात कसे? पाकात खडीसाखर वाढते तसे. वाढणं म्हणजे जगणं नव्हे, आणि मला या वादातला हाच मुद्दा सर्वांत मोलाचा वाटतो.

शेवटचा घाव २००८ मध्ये बसला. यान मार्टेल आणि जॉन यंग यांनी रक्तद्रवात कॅल्शियम कार्बोनेटचे कण घडवले, ते हुबेहूब तसेच दिसले. नॅनोबॅक्टेरिया ओळखणारी म्हणून वापरली जाणारी प्रतिपिंडंही प्रत्यक्षात रक्तातल्या अल्ब्युमिन या नेहमीच्या प्रथिनाला चिकटत होती! तोवर या जिवाणूंवरचे उपचार म्हणून औषधं विकलीही गेली होती. दुखण्याने हैराण झालेल्या माणसाला असं औषध विकलं जावं, याचा मला आजही संताप येतो.

मग मुतखड्याचा जिवाणूंशी संबंधच नाही का? आहे, पण नेहमीच्या आकाराच्या जिवाणूंशी. प्रोटियस हा जिवाणू लघवीतल्या युरियापासून अमोनिया करतो, लघवी अल्कधर्मी होते आणि स्ट्रुव्हाइट जातीचा खडा जमतो. तिथे जंतुसंसर्गावरच उपचार करावे लागतात. बहुतेक मुतखडे मात्र कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, त्यांना अँटिबायोटिकचा उपयोग नाही. म्हणून श्रोतेहो, खडा पडला तर फेकून देऊ नका. स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि तो कोणत्या जातीचा आहे ते तपासून घ्या.