फॅफ्सा उशिरा आला, त्या वर्षाची गोष्ट

श्रोतेहो, नमस्कार.

मी अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते. आपल्या कॉलेजांत शिष्यवृत्तीची खिडकी असते ना, तिच्या आत बसणाऱ्या बाईंचं जे काम, तेच माझं. इथे या कामाचा स्वतंत्र पेशा झाला आहे, आणि पेशाची संघटनाही आहे. तिला सगळे ‘नॅसफा’ म्हणतात. स्थापना १९६६ सालची. आदल्याच वर्षी, १९६५च्या नोव्हेंबरात, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी उच्च शिक्षणाच्या कायद्यावर सही केली होती. सरकारचा पैसा कॉलेजांमार्फत गरजू मुलांपर्यंत पोचवायचा, तर तो पोचवणाऱ्यांनी एकमेकांना विचारून, शिकून काम करायला हवं, हे लवकरच सगळ्यांच्या लक्षात आलं.

संघटनेचं एरवीचं वर्ष ठरलेलं असतं. प्रशिक्षणवर्ग, समित्यांच्या बैठका, राज्याराज्यांच्या शाखांचे मेळावे, उन्हाळ्यात राष्ट्रीय अधिवेशन. मला आज सांगायचंय ते २०२३-२४ या वर्षाबद्दल, कारण संघटना कशासाठी असते ते मला त्या वर्षी कळलं.

इथे आर्थिक मदत हवी असेल तर मुलाला एक सरकारी अर्ज भरावा लागतो, त्याचं नाव फॅफ्सा. गरीब घरच्या मुलांना मिळणारं पेल अनुदान, सरकारी कर्ज, कॉलेजातल्या कामाचा पगार, सगळ्याची वाट या एकाच अर्जातून जाते. तो दरवर्षी १ ऑक्टोबरला खुला व्हायचा. अर्ज सोपा करण्याचा कायदा २०२०च्या डिसेंबरात झाला. जुन्या अर्जात शंभरावर प्रश्न होते, ते खूप कमी करायचे आणि उत्पन्नाची माहिती थेट करखात्याकडून घ्यायची, असं ठरलं. हेतू चांगलाच होता, तो आजही मला चांगलाच वाटतो. पण नवा अर्ज ऑक्टोबरात आला नाही. तो आला ३० डिसेंबर २०२३ला, तोही सुरुवातीला थोडा थोडा वेळच उघडा.

पुढे एकेक गोष्ट निघत गेली. कोणाला किती मदत बसते ते ठरवताना महागाईचा हिशेब जुन्याच आकड्यांवर केलेला होता. तो दुरुस्त केल्यावर मुलांना मिळायची मदत १.८ अब्ज डॉलरनी वाढणार होती, म्हणजे दुरुस्ती टाळणं शक्यच नव्हतं. मग जानेवारीच्या अखेरीस शिक्षण खात्याने सांगितलं की मुलांची माहिती कॉलेजांना मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत मिळणार नाही. ती यायला लागली, तर मार्चमध्येच सुमारे दोन लाख अर्जांच्या हिशेबात चूक निघाली. ज्यांच्या आईवडिलांकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक नाही, त्या मुलांना तर कित्येक आठवडे अर्ज पुरा करताच येत नव्हता.

खिडकीवर रोज तीच मुलं. “मॅडम, माझं किती झालं?” आणि माझ्याकडे सांगायला आकडा नाही. मुलीला नको असलेलं उत्तर देणं अवघड असतंच, पण उत्तरच नसणं त्याहून वाईट. अशा दिवसांत सकाळी आधी संघटनेचं रोजचं बातमीपत्र उघडायचे. खात्याने काल काय बदललं, कोणत्या अडचणीवर तात्पुरता उपाय निघाला, अजून काय अडलं आहे, हे तिथे सरळ लिहिलेलं असायचं. “अजून कोणालाच माहीत नाही, पण तुमचा अर्ज हरवलेला नाही,” एवढं तरी मग मी खात्रीने सांगू शकायचे. समोरच्या मुलीचा चेहरा तेवढ्यानेही सैल व्हायचा.

संघटनेने आणखी दोन मोठी कामं केली. प्रवेश पक्का करायची तारीख इथे रिवाजाने १ मे असते. मदतीचा आकडा हातात नसताना मुलांनी निर्णय कसा घ्यायचा? नॅसफाने उच्च शिक्षणातल्या इतर संघटनांबरोबर मिळून कॉलेजांना विनंती केली की तारखा पुढे ढकला. अनेक कॉलेजांनी ढकलल्या. आणि १० एप्रिलला संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जस्टिन ड्रेगर यांनी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, उपसमितीसमोर साक्ष दिली. आम्ही खिडकीवरून जे पाहत होतो, ते तिथे अधिकृतपणे नोंदलं गेलं. जूनमध्ये मिलवॉकीला अधिवेशन भरलं, तेव्हाही सगळ्यांच्या तोंडी हाच विषय. पुढे डिसेंबर २०२४मध्ये अर्ज दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत खुला झालाच पाहिजे, असा कायदाच झाला.

आता तुमच्या नात्यात इथे कोणी असेल, तर त्यांच्यासाठी थोडं. भारतातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्या मुलांना ही सरकारी मदत मिळत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असलेल्या मुलांना ती मागता येते. आणि काही घरं मला फार अस्वस्थ करतात. वडील एच-वन या नोकरीच्या व्हिसावर, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे, आणि मुलगी तिसरीपासून इथल्याच शाळेत शिकलेली. ती आपल्या मैत्रिणींबरोबर हा अर्ज भरायला येते, आणि तुला सरकारी मदत बसत नाही हे मला तिला सांगावं लागतं. मग तिच्यासाठी राज्याची, कॉलेजची, खासगी शिष्यवृत्ती शोधायला आम्ही बसतो.

शेवटची एक गोष्ट, कारण ती फार थोड्या घरांना माहीत असते. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. उशिरा आलेला तो अर्ज २०२४-२५ या शैक्षणिक वर्षासाठी होता, आणि त्याने २०२२चं बघितलं. मधल्या काळात बाबांची नोकरी गेली असेल, आजारपणात पैसा गेला असेल, तर अर्जाला ते कळत नाही. पण ते बघून हिशेबातले आकडे बदलायचा अधिकार कायद्याने आम्हाला, खिडकीतल्या माणसांना दिला आहे. कागद लागतात: नोकरी गेल्याचं पत्र, दवाखान्याची बिलं. लाजू नका, मुलांनाही लाजू देऊ नका. कागद घेऊन ऑफिसात या आणि काय झालं ते सांगा.

नमस्कार.