आफ्रिकान्सचं क्रियापद नेमकं बसतं कुठे?

(पडदा काळा. फक्त आवाज.)

एक प्रात नी आफ्रिकान्स नी.

ही आफ्रिकान्स, दक्षिण आफ्रिकेतली, डचमधून निघालेली भाषा. परत ऐका. एक प्रात नी आफ्रिकान्स नी. म्हणजे मी आफ्रिकान्स बोलत नाही. यातला 'एक' म्हणजे मी, आपला एक-दोन-तीनमधला एक नव्हे. 'प्रात' म्हणजे बोलतो आणि 'नी' म्हणजे नाही. मग नाही दोनदा कशाला? मला आधी वाटलेलं की बोलणारा जाम ठासून नाही म्हणतोय. तसं काही नसतं, साधं नाहीच आहे ते, पण त्याच्याकडे नंतर येऊ कारण आधी क्रियापदाची भानगड निस्तरायला हवी.

(पार्ल गाव, वर डोंगर, काँक्रीटचे सुळके.)

हे पार्ल, दक्षिण आफ्रिकेत, केपटाऊनपासून गाडीने तासाभरावर. आपण घरात जी बोलतो ती आता डच राहिलेली नाही, ती वेगळी भाषा आहे आणि ती लिहिली पाहिजे, असं म्हणत १८७५ साली इथे काही लोकांनी संस्था काढली. १९२५ ला सरकारी मान्यता मिळाली, १९७५ ला डोंगरावर हे भाषेचं स्मारक उघडलं. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १६ जून १९७६ ला, जोहान्सबर्गलगतच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी पोरं रस्त्यावर आली, कारण हीच भाषा शाळेत त्यांच्यावर लादली होती, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हे न सांगता थेट व्याकरणावर उडी मारणं मला पटत नाही. तसंच हेही सांगायला हवं की आज घरात आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा बाकीचे लोक जास्त आहेत.

(फळा. खडूने एक वाक्य लिहिलं जातंय.)

आता वाक्य. एक हेट खिस्तर दी बूक फिनिख इन दी क्लास खलिअस. यातला 'ख' घशातून खरवडून काढायचा, मासळीचा काटा अडकल्यासारखा. आता एकेक शब्द बघा. मी, मग 'हेट' (तो जरा बाजूला ठेवा), काल, ते पुस्तक, भराभर, वर्गात, वाचलं.

'हेट' काढून सरळ वाचा. मी काल ते पुस्तक भराभर वर्गात वाचलं. अहो हे मराठी आहे! काल आधी, मग पुस्तक, मग कसं, मग कुठे, आणि वाचलं शेवटी. तिकडच्या शाळांत पोरांना हा क्रम पाठ व्हावा म्हणून 'स्टॉम्पी' असा एक शब्द शिकवतात, त्यातलं एकेक अक्षर म्हणजे कर्ता, वेळ, कर्म, रीत, जागा वगैरे. गंमत म्हणजे 'स्टॉम्पी' म्हणजे सिगारेटचं थोटूक, पण ते जाऊ दे. मी हे सगळं इंग्रजी पुस्तकातून शिकत होतो आणि तिथे दर पानावर सूचना, सावधान, क्रियापद शेवटी जातं, असं काय काय, आणि मी पण घाबरून बसलेलो, अरे पण आपलं क्रियापद जन्मापासून शेवटीच बसतंय की.

आपली गोची होते ती त्या 'हेट'पाशी. साध्या वाक्यात दुसरी सीट क्रियापदाची राखीव, एसटीत असते तशी. पहिल्या सीटवर कोणीही बसा, कर्ता बसा, वेळ बसा, जागा बसा, दुसरीवर क्रियापदच. एक प्रात आफ्रिकान्स, ठीक. पण 'आज' पुढे आणला की फनदाख प्रात एक आफ्रिकान्स, म्हणजे आज बोलतो मी आफ्रिकान्स. आपल्या तोंडात येतं फनदाख एक प्रात, कारण मराठीत आज मी बोलतो असंच येणार, आणि इंग्रजीची सवय असली तरी तेच येणार. इथे दोन्ही भाषा मिळून फसवतात. मी अजून फसतो.

भूतकाळात क्रियापदाचे दोन तुकडे होतात, 'हेट' राखीव सीटवर आणि 'खलिअस' पार मागच्या बाकावर. मधे सगळं सामान. इच्छा सांगतानाही तेच. एक विल मॉरे कापस्टाट तू खान. मला उद्या केपटाऊनला जायचंय. ते 'कापस्टाट तू' ऐकलंत? 'तू' म्हणजे 'ला', आणि तो गावाच्या नावानंतर येतो, केपटाऊन-ला, शाळे-ला, आपल्यासारखाच.

(घराचं दार. आतून खोकल्याचा आवाज.)

आता खरी मजा. एक इस सीक, मी आजारी आहे. 'इस' दुसऱ्या सीटवर. पण पुढे कारण आलं, म्हणजे 'ऑमदाट' आलं, की आरक्षण रद्द. ऑमदाट एक सीक इस. कारण मी आजारी आहे. शब्दाला शब्द, जसंच्या तसं. 'दाट' म्हणजे 'की', त्याच्यानंतरही असंच होतं. एक दिंक दाट हेइ सीक इस, मला वाटतं की तो आजारी आहे. पण हा 'दाट' लोक बोलताना खुशाल गाळतात, आणि गाळला की क्रियापद उडी मारून परत दुसऱ्या सीटवर, एक दिंक हेइ इस सीक. एक शब्द गेला आणि अख्खी रांग बदलली.

बाकी क्रियापद स्वभावाने गरीब आहे. जातो, जाते, जातेस, जाता, जातात हा आपला पसारा तिथे नाहीच, सगळ्यांना एकच 'खान'. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची दया येते ती इथे.

(केपटाऊन, बो-काप, रंगीत घरं.)

ही भाषा एकट्या गोऱ्यांनी घडवली नाही. १६५२ मध्ये डच इथे उतरले आणि पुढे त्यांनी बंगाल, मलबार, इंडोनेशिया, मादागास्करहून माणसं गुलाम करून आणली, इथले मूळचे रहिवासी खोईखोई होतेच, आणि या सगळ्यांच्या तोंडून डच रगडली गेली. 'खूप'ला आफ्रिकान्समध्ये 'बाये' म्हणतात, तो मलाय शब्द. १९व्या शतकात केपच्या मुसलमानांनी ही भाषा अरबी लिपीत लिहिली, तेव्हा आपण पडद्यावर देवनागरीत लिहिली तर काही पाप नाही. आणि जोडशब्द बघा. 'लाख-लाख' म्हणजे हसत हसत. 'प्लेक-प्लेक' म्हणजे ठिकठिकाणी. शब्द दोनदा म्हटला की काम झालं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आता राहिलेला 'नी'. पहिला 'नी' नकार देतो, दुसरा वाक्याला कडी लावतो. आणि पहिलाच शेवटी येत असेल तर दुसरा नको, एक विअत नी, मला माहीत नाही, संपलं. पण पुढे अजून काही जोडलं की कडी तिथवर सरकते. एक विअत नी ऑफ हेइ मॉरे कापस्टाट तू खान नी. तो उद्या केपटाऊनला जातोय का, मला माहीत नाही. बोलताना मी 'खान'पाशी थांबतो, वाटतं झालं वाक्य, आणि समोरचा माणूस भुवया वर करून तसाच बघत राहतो.

नी.